हाडांची ठिसूळता : धोका कोणाला?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत उन्हाची वाण नाही. तथापि ते प्रत्येकाच्या वाट्यास येतेच असे नाही. कारखान्याच्या शेडमध्ये दिवस घालविणारा अथवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार, तसेच खोलीबाहेर क्वचितच पडणारी गृहिणी यांच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार न होण्याचा संभव असतो. या जीवनसत्त्वावाचून आहारातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही व हाडे दुबळी होतात.

हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या विकारास अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत तो बहुधा जाणवत नाही. उंची घटणे वा पाठीस बाक येणे हे केवळ वयाचे लक्षण मानले जाते. पुष्कळदा ते मणके दबल्याचे चिन्ह असते. खुब्याचे हाड मोडल्यास वृद्ध माणूस कायमचा परावलंबी होऊ शकतो. म्हणूनच धोका आधी ओळखणे अगत्याचे आहे.

हाडांची घनता साधारणतः तिशीपर्यंत वाढते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत ती झपाट्याने घटते. पंचेचाळिशीपूर्वी पाळी थांबलेल्या वा शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या स्त्रियांना धोका विशेष असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला. भोसरी परिसरात मराठवाड्यातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. येथील आरोग्यसेविकांनीही अशा शस्त्रक्रियेत अंडाशय काढले होते काय, याची विचारपूस करणे हिताचे ठरेल.

पुरुषही या विकारापासून मुक्त नाहीत. वार्धक्य, कृश शरीर, तंबाखू, मद्यपान, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉईड औषधे, पूर्वी किरकोळ पडण्याने मोडलेले हाड आणि आई-वडिलांच्या खुब्याचा अस्थिभंग ही धोक्याची अन्य कारणे होत. अशांनी वैद्यकीय सल्ल्याने हाडांच्या घनतेची ‘डेक्सा’ तपासणी करून घ्यावी.

प्रतिबंधाचा आरंभ मात्र शाळेपासूनच व्हावा. दूध, नाचणी, तीळ यांचा आहारात समावेश, उघड्यावरील खेळ व नियमित चालणे यांनी हाडांची पुंजी वाढते. चाकण पट्ट्यातील ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. शिक्षकांनी मुलांना सकाळच्या उन्हात मैदानावर आणावे. तरुणपणी साठविलेले हे बळच उतारवयात माणसाला आपल्या पायांवर उभे ठेवते.