शर्करा, शुगर आणि रक्तातली साखर

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात ‘शुगर’ हा शब्द कारखान्याच्या पाटीवर असतो आणि दवाखान्यातही ऐकू येतो: ‘अण्णांना शुगर निघाली.’ शब्द इंग्रजी आणि साखरही साहेबानेच आणली, असा समज इथे सहज होतो. नीरा डावा कालवा ब्रिटिश राजवटीतला, पांढरी दाणेदार साखर काढणारी यंत्रं मूळची युरोपातली आणि वालचंदनगरचा कारखाना १९३०च्या दशकातला. पण यंत्र बाहेरचं म्हणून शब्दही बाहेरचा ठरत नाही. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडा, कण. सुश्रुतसंहितेत मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही हेच नाव आहे. उसाचा रस आटवून पाडलेल्या कणांना ते चिकटलं. पुढे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, फ्रेंचमध्ये ‘सुक्र’ आणि इंग्रजीत ‘शुगर’ झालं. आपली ‘साखर’ मात्र प्राकृतातून थेट आली. गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात, तोही शब्द मल्याळम आणि पोर्तुगीजमार्गे गेलेली ‘शर्करा’च, ‘कँडी’ हा आपला ‘खंड’.

यावर कुणी म्हणेल, ‘शुगर’मधला ‘श’ हाच ‘शर्करे’चा पुरावा. तो धागा मात्र सोडायला हवा. अरबीत आणि फ्रेंचमध्ये ‘स’ होता. इंग्रजीतला ‘श’ नंतर तिथल्याच उच्चारबदलातून आला, जसा ‘शुअर’मध्ये. पुरावा शब्दाच्या प्रवासात आहे, आजच्या उच्चारात नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. पोत्यातली साखर म्हणजे सुक्रोज, तर रक्त तपासून मोजतात ते ग्लुकोज. निरोगी प्रौढाच्या सुमारे ५ लिटर रक्तात उपाशीपोटी साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर ग्लुकोज असतं. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे ‘साखर बंद केली, आता गूळ चालेल’ असं वाटतं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतांश भाग सुक्रोजच; रक्तातलं ग्लुकोज तोही वाढवतो. ‘मी गोड खातच नाही, मग शुगर कशी?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. ज्वारीच्या भाकरीतल्या आणि भातातल्या पिष्टाचंही पचनानंतर ग्लुकोजच होतं. इन्सुलिन कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं, की ते रक्तात साचतं, मग ताटात गोड असो वा नसो.