मागच्या ओळीतली पोरं

तमाशाचा फड मुळात पुरुषांचा. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे धरणारा सुरत्या, मंजिरीवाला, झील ओढणारे दोन-तीन गडी, सोंगाड्या, या सगळ्यांचा सरदार आणि लुगडे नेसून नाचणारा पोऱ्या, एवढ्यांचा तो संच. उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, परशुराम, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या कवनांवर असे फड पोसले गेले. त्यातला फंदी संगमनेरचा. होनाजी बाळा हे नाव तर पुष्कळांना एकाच माणसाचे वाटते. वास्तविक होनाजी गवळ्याने रचायचे आणि बाळा कारंजकराने गायचे, अशी ती जोडी होती. रचणारा, गाणारा आणि मागे उभे राहून सूर उचलणारे, असे तिघे असल्याखेरीज फड होत नसे.

नाच्या पोऱ्या हे त्या काळातले खरे आकर्षण. कोवळा चेहरा, चपळ पाय आणि न फुटलेला आवाज हे त्याचे भांडवल, आणि मिसरूड फुटले की ते संपे. मग तोच मुलगा मागच्या ओळीत जाई, झील धरी, तुणतुणे हाती घेई. नशीब आणि जीभ दोन्ही बरी असतील तर पुढे सोंगाड्या होई. १८६५ मध्ये उमाजी सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ आला. तो पहिला वग मानला जातो. वगामुळे नाचगाण्यामागे गोष्ट लागली आणि फडाला नाचणाऱ्या पायांइतकीच बोलणाऱ्या माणसांची गरज पडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा फडात उभी राहिली. शाहीर पठ्ठे बापूरावांबरोबरच्या तिच्या खेळांनी महाराष्ट्र वेडा झाला, आणि नाच्याचे दिवस भरले. तेव्हापासून प्रेक्षकांची नजर पुढच्या ओळीवर खिळली ती आजतागायत. तमाशाचा इतिहास लिहिणाऱ्यांचीही तीच गत. मागच्या ओळीला ‘साथ’ म्हणण्याची पद्धत पडली, जणू ती माणसे वाटेत भेटली होती.

फड कसा उभा राहतो हे मात्र मागच्या ओळीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. खेळाची सुरुवात हलगी आणि ढोलकीच्या सलामीने होते. आधी हलगी कडाडते, ढोलकी तिला उत्तर देते, मंजिरी आणि तुणतुणे सामील होतात, आणि मग गण. गणात गणपतीला आवाहन असते. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाच्या जुन्नर मुलखात तर त्याला पर्यायच नाही. त्यानंतर कृष्ण, पेंद्या आणि मावशीची गवळण. यातली मावशी आजही पुरुषच असतो. जुन्या पुरुषी फडाची तेवढीच खूण शिल्लक राहिली आहे. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. वगाची गोष्ट ठरलेली असे, संवाद बहुधा ठरलेले नसत. समोरच्या गावात काल काय भांडण झाले, पाटलाचा बैल कुठे अडला, हे संध्याकाळी चहाच्या टपरीवर ऐकून रात्री त्याचा विनोद करणारा सोंगाड्या कुठल्या शाळेत तयार होत नाही. तो झीलकऱ्यांच्या रांगेत दहा-दहा वर्षे उभा राहून तयार होतो.

याच मुलखातल्या नारायणगावचा फड एका घरातून उभा राहिला. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे नारायण खुडे यांनी तो सुरू केला. त्यांचे मुलगे भाऊ आणि बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. दोन भावांची नावे, मग जात, मग गाव, असा तो फलक होता. हलगी आणि डफ वाजवणे हे ज्यांच्या वाट्याला गावकीचे काम म्हणून आले होते, त्यांनी त्याच वाद्यांवर स्वतःचा धंदा उभारला आणि जात लपवली नाही. ज्या गावांनी या माणसांना वेशीबाहेर ठेवले, त्याच गावांची नावे हे लोक आडनाव म्हणून महाराष्ट्रभर मिरवत राहिले. आता नारायणगावला ‘तमाशाची पंढरी’ म्हणताना छाती फुगवणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही.

भाऊंची मुलगी विठाबाई १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मली आणि वडिलांच्या फडात वाढली. १९५७ आणि १९९० असे दोनदा तिला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई, एवढ्या एका प्रसंगावर तिची ओळख उरकण्याची सवय वर्तमानपत्रांना लागली आहे. तिच्या गळ्याबद्दल, अदाकारीबद्दल आणि फड चालवण्याच्या कसबाबद्दल त्या मानाने फारच कमी लिहिले गेले.

स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. ती उठली तेव्हा वगाची संहिता आधी तपासून घेण्याची अट मागे राहिली. तोंडातोंडी चालणाऱ्या कलेला कागद दाखवायला लावण्याचा हा प्रकार. फडांनी कागद लिहून दाखवले आणि रात्री हवे ते बोलले. पन्नास ते ऐंशी या दशकांत तमाशापट निघाले, पुण्या-मुंबईत लोकनाट्ये झाली, कवलापूरच्या काळू-बाळूंनी आणि दादू इंदुरीकरांनी नाव केले. या काळावर पुरेसे लेखन झाले आहे, आणि त्यातले बरेचसे शहरातल्या खुर्चीत बसून झालेले आहे.

खरी गंमत नव्वदच्या दशकातली. गोळेगाव, जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव हा सगळा पट्टा चैत्र-वैशाखात यात्रांनी भरून जातो. दुपारी घाटात बैलगाडा शर्यत आणि रात्री तमाशा, हा यात्रेचा नेम. पुणे-नाशिक रस्त्यावर, पाच-सहा तालुक्यांच्या मध्यावर असल्यामुळे सुपाऱ्या ठरवायला नारायणगावच सोयीचे पडे. पाडव्याच्या आधी फडमालकांच्या राहुट्या तिथे लागत. बाहेर फडाचे नाव रंगवलेला फलक, आत सतरंजी, हिशेबाची वही आणि मॅनेजर. गावोगावचे पंच जीप करून येत आणि दहा राहुट्या फिरत. कुठला सोंगाड्या आहे, ढोलकीला कोण, वग कोणता लावणार, हे विचारल्याशिवाय पैशाची गोष्ट निघत नसे. शेजारच्या गावाने कोणता फड नेला याची खबर काढून त्याहून वरचा नेण्याची ईर्ष्या असे. सौदा ठरला की इसार आणि नारळ. उरलेली रक्कम खेळाच्या रात्री, आणि ती वसूल करताना मॅनेजरचा खरा कस लागे.

या राहुटीमागचे गणित कठीण होते. हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. त्याआधी पावसाळ्यात कलावंतांना उचल द्यावी लागे, आणि मालक ती सावकाराकडून व्याजाने आणी. उचल घेतलेला कलावंत हंगामभर त्या फडाला बांधलेला. मोठ्या फडात शंभरावर माणसे: कलावंत, वाजंत्री, तंबू ठोकणारे बिगारी, ड्रायव्हर, आचारी. चारपाच ट्रक, जनरेटर, कनात. दसऱ्यानंतर तिकिटावर चाललेला तंबू अवकाळी पावसात भिजला की महिन्याची कमाई जाई. मग सगळी भिस्त चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर. त्या दोन महिन्यांत कर्ज फेडायचे आणि पुढच्या वर्षीच्या उचलीची तजवीज करायची.

त्याच दशकात घाव बसला, आणि तो पहिल्यांदा बाहेरून आला नाही. घराघरांत केबल टीव्ही आला होता, आणि प्रेक्षकांना नव्या हिंदी गाण्यांची चटक लागली होती. मालकांनी रंगबाजीत ती गाणी घुसवली. अर्ध्या तासाची रंगबाजी दोन तासांची झाली. पेटीच्या जागी कॅसिओ आला, ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड आला. तुणतुणे आधी माइकपासून दूर गेले, मग बोर्डावरूनच गेले. झीलकरी कमी केले, कारण एको लावला की दोघांचा आवाज सहाजणांचा वाटे. वग मध्यरात्रीनंतर दोन वाजता सुरू होऊ लागला, तेव्हा म्हाताऱ्यांखेरीज समोर कोणी नसे. ‘पब्लिकला हेच पाहिजे’ हे तेव्हाच्या मालकांचे ठरलेले उत्तर होते. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. पब्लिकला जे टीव्हीवर फुकट मिळत होते तेच तंबूत विकायला बसण्यात धंद्याचे शहाणपणही नव्हते. मागच्या ओळीत उभे राहून शिकण्याची जागाच गेली, आणि दहा वर्षांनी सोंगाडे कुठे गेले म्हणून तेच मालक विचारू लागले.

पोरांचा संच जमवून गाण्याचा धंदा करण्याची कल्पना त्याच सुमारास शहरात नवी म्हणून आली. अमेरिकेत लू पर्लमन या उद्योजकाने १९९२ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गाणारी मुले शोधली, आणि १९९३ मध्ये ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ उभे राहिले. २००१ मध्ये मुंबईत ‘अ बँड ऑफ बॉइज’ निघाला. करण ओबेरॉय, सुधांशू पांडे, शेरिन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर आणि चैतन्य भोसले, असे पाच देखणे तरुण. त्यातला चैतन्य हा आशा भोसले यांचा नातू. दोन अल्बम, २००४ मध्ये ‘किस किस को’ हा चित्रपट, आणि मग पांगापांग. या संचांना मागची ओळ नव्हतीच. पाचही जण पुढे उभे, वाद्ये ध्वनिमुद्रित. तरुणपणाचे भांडवल मात्र नाच्या पोऱ्यासारखेच मुदतीचे, आणि कराराची दोरी उचलीसारखीच. ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ना पुढे आपल्याच पर्लमनविरुद्ध कोर्टात जावे लागले. फडातला पोऱ्या निदान मिसरूड फुटल्यावर मागे सरकून पोट भरू शकत होता. बँडमधल्या तरुणाला मागे सरकायला जागा नव्हती.

तमाशावर नंतरचे घाव बाहेरून आले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक आदेश दिला. ज्या खेळाची सलामीच दहानंतर झडायची, त्याचा यात कोणी विचार केला नाही. काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण पहाटेचा वग त्यात मावत नाही. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या १९७८ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. त्यातला गुणा नावाचा पैलवान फड उभारण्यासाठी स्वतः नाच्या होतो. थिएटरांबाहेर रांगा लागल्या, गाणी लग्नाच्या वरातींत वाजली. फड उभारताना माणसाची काय गत होते हीच त्याची गोष्ट होती, आणि लोकांनी त्यातल्या लावण्या घरी नेल्या.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या. जुन्नर-आंबेगावात त्याचा अर्थ असा, की यात्रेला दुपारी येणारी गर्दी आटली, आणि दुपारची गर्दी नसेल तर रात्रीच्या तमाशाला वर्गणी कोण देणार? शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. दरम्यान करोना येऊन गेला होता. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशभरच्या टाळेबंदीचा पहिलाच दिवस. ठरलेल्या सुपाऱ्या वहीतच राहिल्या. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्या रात्रीपासून राज्यात संचारबंदी लागली. लागोपाठ दोन हंगाम असे गेले. उचल मात्र देऊन झालेली होती आणि सावकाराचे व्याज थांबले नव्हते. कलावंत शेतात रोजंदारीला गेले. कांदा काढायला, टोमॅटो तोडायला. ट्रक विकले गेले.

शर्यती परतल्या, यात्रा परतल्या, वर्गणीही परतली. तरुण मंडळांच्या हाती गेलेल्या यात्रा कमिट्या आता वेगळीच सुपारी ठरवतात. एक नर्तिका, सोबत चार मुली, भिंतीएवढे स्पीकर आणि पेन ड्राइव्ह. कार्यक्रम सायंकाळी सातला सुरू होऊन दहाच्या आत संपतो, पोलिसांनाही सोयीचा. त्यालाही फलकावर ‘लावणी’ म्हणतात. या मुलींवर नीतिमत्तेची टीका करणाऱ्यांची कमी नाही, आणि ती टीका निरर्थक आहे. पवळेवरही ती झाली, विठाबाईवरही झाली. बिघडले आहे ते नर्तिकेच्या पाठीमागे. तिथे आता कोणी उभे नसते. ढोलकी पेन ड्राइव्हमध्ये असते, झील पेन ड्राइव्हमध्ये असते, आणि सोंगाड्याची जागा निवेदकाने घेतली आहे. हा निवेदक देणगीदारांची नावे वाचतो आणि मधूनमधून मुलांना खाली बसायला सांगतो.

नारायणगावात पाडव्याच्या आधी राहुट्या अजून लागतात, पूर्वीपेक्षा कमी. काही गावे हट्टाने तमाशाच नेतात, आणि अशा यात्रेत गण-गवळण आजही रंगते. ढोलकीची पोरे अधूनमधून दिसतात. बरीचशी फडाच्या घरांतलीच. हलगी वाजवणाऱ्यांना शर्यतीच्या घाटात आणि निवडणुकीच्या मिरवणुकीत बरा रोज मिळतो, म्हणून ते दुपारी तिकडे असतात आणि रात्री फडात. तुणतुणे धरणारा मिळत नाही. तो मिळाला नाही म्हणून खेळ अडत नाही, आणि पंचही आता त्याची चौकशी करत नाहीत. मुलींची संख्या, स्पीकरचे वॅट आणि कार्यक्रम किती वाजता संपेल, एवढे विचारून ते नारळ देतात.