समुद्राची मालिका, अवकाशाची गोष्ट: ‘सीक्वेस्ट’बद्दलचे दुमत

‘सीक्वेस्ट डीएसव्ही’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका एनबीसी या वाहिनीवर १२ सप्टेंबर १९९३ रोजी सुरू झाली आणि जून १९९६ मध्ये, तिसरा हंगाम अवघ्या तेरा भागांत आटोपून, बंद पडली. तीन हंगाम चालून विस्मृतीत गेलेल्या मालिकांची अमेरिकेत कमतरता नाही. परंतु ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांचे तिच्याविषयीचे मत आजही एका सुरात व्यक्त होत नाही, आणि दुमताचा विषय अभिनय किंवा कथानक एवढ्यापुरता मर्यादित नसून समुद्रावरच्या विज्ञानकथेकडून नेमकी कशाची अपेक्षा करावी, हा आहे.

मालिकेची मूळ कल्पना रॉकने ओ’बॅनन यांची. निर्मितीमागे स्टीव्हन स्पीलबर्ग यांची ॲम्ब्लिन ही संस्था होती. कथा घडते २०१८ या, तेव्हा पंचवीस वर्षे दूर असलेल्या, वर्षात. माणसाने समुद्रतळावर वसाहती, खाणी आणि शेती उभारली आहे, त्यांवरून राष्ट्राराष्ट्रांत तंटे सुरू झाले आहेत आणि ते मिटवण्यासाठी एक जागतिक सागरी संघटना अस्तित्वात आली आहे. या संघटनेची महाकाय पाणबुडी म्हणजे सीक्वेस्ट. तिच्यावर नौदलाचे अधिकारी आणि संशोधक असे दोन गट एकत्र नांदतात, किंवा नांदण्याचा प्रयत्न करतात, आणि ‘जॉज’ चित्रपटामुळे घराघरात पोहोचलेले रॉय शायडर तिचा कप्तान नेथन ब्रिजर याच्या भूमिकेत दिसतात. ही पार्श्वभूमी हवेतून आलेली नव्हती. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील संपत्तीवर किनारी राष्ट्राचा आर्थिक हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ मध्ये झाला होता आणि तो प्रत्यक्ष अमलात आला तो १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे मालिकेचा दुसरा हंगाम सुरू असताना. समुद्रतळ कोणाचा, हा प्रश्न त्या काळी वर्तमानपत्रांतही होता.

पहिल्या हंगामाला जो प्रेक्षकवर्ग मनापासून मानतो, तो सर्वांत आधी रॉबर्ट बॅलर्ड यांचे नाव घेतो. १९८५ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष शोधून काढणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व करणारे हे सागरशास्त्रज्ञ मालिकेचे तांत्रिक सल्लागार होते, आणि पहिल्या हंगामातील भाग संपल्यावर ते स्वतः पडद्यावर येऊन, नुकत्याच पाहिलेल्या गोष्टीत शास्त्राचा आधार कोठे आहे हे थोडक्यात सांगत. दुसऱ्याच भागाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यात पाणबुडी समुद्रतळावरील ‘काळ्या धुराड्यां’ची पाहणी करते आणि त्या कामात जहाजावरचा डार्विन हा डॉल्फिन आजारी पडतो. काळी धुराडी ही कल्पित वस्तू नाही. समुद्रतळाच्या भेगांतून खाली झिरपलेले पाणी खालच्या शिलारसामुळे साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या घरात तापते, वरच्या पाण्याच्या प्रचंड दाबामुळे इतक्या तापमानालाही उकळत नाही, विरघळलेली खनिजे घेऊन वर उसळते आणि गार पाण्याला भिडताच ती खनिजे काळ्या भुकटीच्या रूपाने बाहेर पडतात, त्यामुळे तळातून धूर निघत असल्याचा भास होतो. असे उष्ण झरे प्रथम १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ प्रत्यक्ष पाहिले गेले. सूर्यप्रकाशावाचून, केवळ रसायनांवर पोसलेली जीवसृष्टी तेथे सापडली, आणि त्या मोहिमेत बॅलर्ड होते. अशा परिस्थितीत पटकथेतील संकट आणि सल्लागाराचे ज्ञान यांत फारसे अंतर उरत नाही, आणि या भागाची आठवण काढणारे प्रेक्षक नेमक्या याच गोष्टीचे कौतुक करतात.

अर्थात विज्ञानाची आवड असलेला प्रेक्षक जितका कौतुक करतो तितकाच चिकित्साही करतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ‘टायटॅनिक’ ज्या ३८०० मीटर खोलीवर विसावले आहे तेथे तो पृष्ठभागाच्या जवळजवळ ३८० पट भरतो. दाब सोसण्यासाठी गोलाकार, लहान आणि जाड भिंतींचे यान बनवावे लागते, कारण आकार वाढला की तोच दाब पेलण्यासाठी भिंतीही त्या प्रमाणात जाड कराव्या लागतात. सीक्वेस्ट मात्र तीनशे मीटरहून लांब आणि ऐसपैस दालनांची. तिच्यात डार्विनला पोहण्यासाठी एक जलकुंड आहे, ज्याच्या काठावर कप्तान निवांत बसून बोलतो. असे कुंड खुल्या समुद्राला थेट जोडलेले असेल, तर त्या दालनातील हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवावा लागेल, आणि शंभर मीटर खोलीवरदेखील तेथे जाऊन आलेल्या माणसाला रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू देण्यासाठी दीर्घकाळ दाब उतरवण्याच्या कोठडीत घालवावा लागेल. या आक्षेपांना उत्तर नाही. असलेच तर ते एवढेच की २०१८ साठी कल्पिलेल्या तंत्रज्ञानाला काही मोकळीक द्यावी लागते, आणि बहुतेक चिकित्सक प्रेक्षक ती देतातही.

डार्विनविषयी मात्र तडजोड झालेली दिसत नाही. मालिकेत त्याच्या शिट्ट्यांचे संगणकाच्या साहाय्याने मानवी बोलीत रूपांतर होते. प्रत्येक बाटलीनाक्या डॉल्फिनची स्वतःची ओळखीची शिट्टी असते आणि इतर डॉल्फिन तिला प्रतिसाद देतात, इथपर्यंत संशोधनाचा आधार आहे. त्यापुढची वाक्ये आणि विनोद कल्पनेचे. पडद्यावर दिसणारा डार्विन हा यांत्रिक बाहुला होता आणि तो बराच हुबेहूब होता, हे टीकाकारही मान्य करतात. लहान वयात मालिका पाहिलेल्यांना तो जहाजावरचा सर्वांत आवडता सभासद वाटतो, तर प्रौढ प्रेक्षकांतील एका मोठ्या गटाला, बोलणारा मासा (डॉल्फिन सस्तन प्राणी असल्याची आठवण या गटाला त्याचे चाहते लगेच करून देतात) ही गंभीर मालिकेला न शोभणारी गोष्ट वाटते. जॉनथन ब्रँडिस याने साकारलेला लूकस हा अल्पवयीन संगणकपंडितही असाच वादाचा धनी ठरला. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील वेस्ली क्रशर या हुशार मुलाची ही नक्कल, असे काहींनी म्हटले, किशोरवयीन प्रेक्षकांना मात्र त्याच्यामुळेच मालिका आपली वाटली.

‘स्टार ट्रेक’शी तुलना येथेच थांबत नाही. समजूतदार कप्तान, मोठे जहाज, दर आठवड्याला नवा मुक्काम आणि शस्त्र उगारण्याआधी वाटाघाट करण्याची वृत्ती हे सगळे दोन्हींकडे सारखे असल्याने, ही केवळ पाण्याखालची ‘स्टार ट्रेक’ आहे, हा शेरा सुरुवातीपासून तिला चिकटला. तो सर्वस्वी अन्यायाचा नव्हता. पण अवकाश आणि समुद्र यांत दिग्दर्शकाच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे: अवकाशातील यान तारकांच्या पार्श्वभूमीवर लखलखीत दाखवता येते, समुद्रात मात्र २०० मीटरखाली सूर्यप्रकाश नाममात्र उरतो आणि १००० मीटरखाली काळोखच असतो. संगणकाने चित्रे रचण्याचे तंत्र तेव्हा नवखे होते आणि त्याचा सढळ वापर करणाऱ्या पहिल्या मालिकांपैकी ही एक असल्यामुळे, निळसर धुकट पाण्यातून सरकणारी पाणबुडी काहींना विलक्षण वाटली, तर काहींना दर आठवड्याची तीच ती निळी धूसरता कंटाळवाणी झाली. जॉन डेबनी यांच्या शीर्षकसंगीताविषयी मात्र फारसे दुमत आढळत नाही.

कंटाळ्याची तक्रार वाहिनीच्या कानी लवकर पोहोचली. अमेरिकेतील मोठ्या वाहिन्या जाहिरातींच्या वेळेची किंमत प्रेक्षकसंख्येच्या मोजणीवरून ठरवतात, आपल्याकडे टीआरपी म्हणून जी ओळखली जाते तीच ही मोजणी. रविवारी रात्री आठच्या, सहकुटुंब पाहण्याच्या वेळेला सीक्वेस्टची गाठ सीबीएसवरील ‘मर्डर, शी रोट’ या जुन्या लोकप्रिय मालिकेशी आणि एबीसीवरील सुपरमॅनच्या नव्या मालिकेशी होती. पहिल्या भागाला लाभलेला मोठा प्रेक्षकवर्ग पुढे घटत गेला. दुसऱ्या हंगामासाठी चित्रीकरण कॅलिफोर्नियातून फ्लोरिडातील ऑर्लँडोला हलवण्यात आले, अनेक कलाकार बदलले, संशोधकांच्या बाजूने नौदलाशी वाद घालणारी डॉ. वेस्टफेलन ही व्यक्तिरेखा गेली, बॅलर्ड गेले, आणि त्यांच्या जागी जनुकीय प्रयोगातून घडवलेला सैनिक आणि मनातले ओळखणारी डॉक्टर आली. महाकाय मगर, रोमन समुद्रदेव नेपच्यून, परग्रहवासी, भविष्यकाळात जाऊन यंत्रमानवांची झुंज पाहणे असे प्रसंग एकामागून एक येऊ लागले. खुद्द शायडर यांनी १९९४ मध्ये पत्रकारांशी बोलताना नव्या कथांना पोरकट ठरवले आणि आपण या कामासाठी करार केला नव्हता असे जाहीरपणे सांगितले. मालिका चालू असताना तिच्या नायकानेच प्रेक्षकांच्या नाराजीला दुजोरा द्यावा, असे क्वचितच घडते. हंगामाच्या अखेरीस पाणबुडी परग्रहावरील समुद्रात ओढली जाते, आणि तिसऱ्या हंगामाच्या प्रारंभी ती दहा वर्षांनी पृथ्वीवर परतते ती आयोवा राज्यातील मक्याच्या शेतात.

यावरून प्रेक्षकांच्या स्मरणात एक सोपी मांडणी रुजली आहे: पहिला हंगाम विज्ञानाचा, दुसरा भाकडकथांचा. ही मांडणी पुराव्याला पूर्णपणे उतरत नाही. बुडालेल्या प्रवासी जहाजातील भुतांची कथा पहिल्याच हंगामातली. समुद्रतळाशी सापडलेले परग्रहवासीयांचे यानही पहिल्याच हंगामातले. आणि अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाच्या अवशेषांच्या भागात अतींद्रिय शक्तीची माणसे आहेत. अशक्य गोष्टी दोन्हीकडे होत्या. भेद होता तो उत्तरदायित्वाचा. पहिल्या हंगामात अद्भुत घडले तरी ते तपासू पाहणारे कोणीतरी जहाजावर असे आणि शेवटी बॅलर्ड येऊन कल्पना कोठे सुरू होते याची रेषा दाखवत. दुसऱ्या हंगामात ती रेषा आखण्याची गरजच कोणाला वाटली नाही. मराठीत जयंत नारळीकरांच्या कथांच्या निमित्ताने विज्ञानकथेची चर्चा होते तेव्हा, विज्ञान वगळल्यावर कथा कोसळते की तशीच उभी राहते, ही कसोटी पुष्कळदा लावली जाते. ‘सीक्वेस्ट’ला त्याच धर्तीवर आणखी नेमकी कसोटी लावता येते: समुद्र काढून त्या जागी अवकाश घातले तर काय बिघडते? काळ्या धुराड्यांच्या भागात सगळेच बिघडते. मनातले ओळखणाऱ्या परग्रहवासीयाच्या भागात काहीच बिघडत नाही, आणि दुसऱ्या हंगामावरचा प्रेक्षकांचा राग, तो कोणत्याही शब्दांत व्यक्त झाला असला तरी, बहुतांशी येथूनच उगम पावतो.

हे अमेरिकी दूरचित्रवाणीवर प्रथमच घडत नव्हते. आयर्विन ॲलन यांची ‘व्हॉयेज टू द बॉटम ऑफ द सी’ ही मालिका १९६४ ते १९६८ या काळात एबीसीवर चालली. तिचा कृष्णधवल पहिला हंगाम शीतयुद्धातील हेरगिरी आणि पाणबुडीवरील तणाव यांवर उभा होता, आणि रंगीत झाल्यावर पुढील हंगामांत राक्षस, ममी आणि नरलांडगेही पाणबुडीत शिरले. तिचे चाहतेही पहिल्या हंगामाचेच गोडवे गातात. मात्र ती मालिका चार हंगाम टिकली, आणि राक्षसांचे हंगाम आवडीने पाहणारा बालप्रेक्षक तिला मिळाला, ही बाब ‘सीक्वेस्ट’च्या निर्मात्यांनी लक्षात घेतली असल्यास नवल नाही.

तिसरा हंगाम ‘सीक्वेस्ट २०३२’ या नावाने आला. शायडर पाहुण्यासारखे मोजक्याच भागांत दिसले आणि मायकेल आयर्नसाइड यांचा कप्तान हडसन हा करड्या शिस्तीचा लष्करी माणूस कथेच्या केंद्रस्थानी आला. महाकाय कंपन्या, पॅसिफिकमधील आक्रमक राष्ट्रसंघ, बळाचा वापर कोठवर करावा याचे पेच, असा हा राजकीय बाज होता. काही प्रेक्षकांच्या मते मालिकेला तिचा खरा सूर येथे गवसला आणि तेवढ्यात तिचा गळा घोटला गेला. इतरांच्या मते शोधाची ऊर्मी संपून उरली ती फक्त युद्धनौका. येथेही पूर्वीचीच कसोटी लावली तर राजकारण समुद्रावाचून उभे राहते, पण निदान सागरी हद्दीचा प्रश्न परत आला होता, आणि तेवढ्यापुरता तिसरा हंगाम दुसऱ्याहून पहिल्याच्या जवळ आहे.

समुद्रावरील विज्ञानकथेची ही अडचण पुढेही सुटली नाही. फ्रँक शेट्झिंग यांच्या २००४ च्या जर्मन कादंबरीवर आधारलेली ‘द स्वॉर्म’ ही मालिका २०२३ मध्ये जर्मनीतील झेडडीएफ वाहिनीवर आली तेव्हा लेखकानेच जाहीर नाराजी व्यक्त केली. या वेळी गाऱ्हाणे परग्रहवासीयांचे नव्हते, तर शास्त्राची जागा पात्रांच्या भावनिक गुंत्यांनी घेतल्याचे होते.

२०१८ हे वर्ष प्रत्यक्षात उजाडले तेव्हा ‘सीक्वेस्ट’च्या जुन्या प्रेक्षकांनी मालिकेचे भविष्य पडताळून पाहणे स्वाभाविक होते. समुद्रतळावर एकही वसाहत नव्हती. किंबहुना समुद्रतळाचा पूर्ण नकाशा २०३० पर्यंत तयार करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा आधुनिक मोजणी झालेला भाग अवघा ६ टक्के होता. भारताच्या समुद्रयान मोहिमेसाठी चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था जी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी विकसित करत आहे, तिच्या टायटॅनियमच्या गोलाचा व्यास २.१ मीटर आहे आणि ६००० मीटर खोलीवर त्यात तीन माणसे बारा तास काम करू शकतील, अशी योजना आहे. डॉल्फिनसाठी त्यात अर्थातच जागा नाही.