शेवाळ, गोगलगाय आणि आपली काचेची टाकी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आपण वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून बेरक्या असणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो. प्राणिशास्त्रात मात्र ही म्हण अक्षरशः खरी आहे. गोगलगायी ज्या वर्गात मोडतात, त्याचं नावच मुळी ‘उदरपाद’ आहे. पोटाच्या बाजूचा सपाट स्नायू हाच तिचा पाय.

आमच्या खराडीत आता पुष्कळ घरांतून माशांची टाकी दिसते. महिना-दोन महिन्यांत तिच्या काचा हिरव्या होऊ लागतात. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘दोन-चार स्नेल सोडा, टाकी आपोआप साफ राहील.’ आज मला बोलायचं आहे ते या ‘आपोआप’ शब्दाविषयी.

गोगलगायीच्या तोंडात एक पट्टीसारखी जीभ असते आणि तिच्यावर सूक्ष्म दातांच्या ओळी असतात. खवणीवर नारळ खवावा तसं ती काचेवरचं शेवाळ खरवडून खाते. रात्री वावरलेल्या गोगलगायीच्या नागमोडी खुणा सकाळी काचेवर स्पष्ट दिसतात.

पण शेवाळ मुळात येतं कुठून? माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं. हे शेवाळाचं खत. त्यावर भरपूर उजेड पडला की ते फोफावतं. गोगलगाय शेवाळ खाते आणि विष्ठेवाटे त्यातलं बरंचसं खत पुन्हा पाण्यात सोडते. केर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, घराबाहेर गेला नाही. तो बाहेर काढायचं काम आपलं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं, दिवा सहा ते आठ तासच लावावा, खिडकीचं ऊन टाळावं आणि मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य टाकावं. एवढं केलं तर गोगलगायीची मदत खरोखर जाणवते.

कोणती गोगलगाय घ्यावी? काचेवरच्या शेवाळासाठी पट्ट्यापट्ट्यांची ‘नेराइट’ सर्वांत चांगली. तिचे भाऊबंद आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांत राहतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नेराइटच्या पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागतं. त्यामुळे गोड्या पाण्यात ती अंडी घालते, पण प्रजा वाढत नाही. तिची पांढरी, टणक अंडी मात्र काचेला चिकटून बसतात. मोठी, पिवळी ‘मिस्ट्री स्नेल’ दिसायला देखणी असली, तरी तिचा भर शेवाळापेक्षा उरलेल्या खाद्यावर असतो. पाण्याच्या वर, काचेला ती गुलाबी अंड्यांचा घोस चिकटवते. नको असेल तर तो खरवडून टाकता येतो. नवीन पाणवनस्पतींबरोबर न बोलावता येणाऱ्या बारीक गोगलगायी मात्र झपाट्याने वाढतात. त्या फार झाल्या, तर खाद्य जास्त पडतं आहे, असं समजावं. रात्री काकडीची चकती पाण्यात ठेवावी. सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायी चकतीसकट उचलता येतात.

आता पाण्याकडे वळू. शंख बनतो कॅल्शियम कार्बोनेटचा. खराडीत २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचं पाणी येऊ लागलं, तरी अनेक सोसायट्यांना टँकर आणि बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो. बोअरचं जड पाणी आपल्याला नकोसं वाटतं, गोगलगायीला मात्र ते मानवतं. उलट, आरओ यंत्राच्या शुद्ध पाण्यात क्षार जवळपास नसतात. अशा पाण्यात शंख पांढरा पडतो, त्याला खळगे पडतात. काष्ठौषधींच्या दुकानातल्या समुद्रफेनाचा तुकडा टाकीत ठेवला, तर कॅल्शियम मिळतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवायला हवं. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. द्राक्षबागायतदारांना ठाऊक असलेला मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. माशाला बरं करणारी मात्रा गोगलगायीला मारू शकते. टाकीवर झाकणही हवं, कारण नेराइट काच चढून बाहेर पडते.

‘विकत कशाला? मुळा-मुठा जवळच आहे, तिथून चार आणू,’ असंही कुणी म्हणतं. ते करू नये. नदीत शहराचं सांडपाणी येतं, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं. आपल्याकडच्या काही पाणगोगलगायींच्या शरीरात परजीवी कृमींची वाढ होते. गुरांच्या यकृतातले कृमी त्यांच्यामार्फत पसरतात. माणसाच्या बाबतीतलं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार होता. गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये तो कृमिजन्य असल्याचं दाखवलं आणि पुढे संशय एका चिमुकल्या पाणगोगलगायीवर गेला. दुकानातली, टाकीतच वाढलेली गोगलगाय म्हणूनच बरी.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. कंटाळा आला, घर बदललं, की टाकीतले जीव ‘सोडून देतात’ ते नदीत किंवा तळ्यात. हे पुण्यकर्म नव्हे. मिस्ट्री स्नेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची एक जवळची बहीण १९८०च्या सुमारास खाण्यासाठी तैवानमध्ये नेली गेली. पुढे तिने आग्नेय आशियातली भातरोपं फस्त केली. अखेर २०१२ मध्ये युरोपीय संघाने या संपूर्ण प्रजातिगटावरच बंदी घातली. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासाही असाच सुटला आणि आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसला आहे. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. खराडीच्या पुलावरून सोडलेला जीव कुठवर पोचेल, हे आपल्या हाती राहत नाही.

तेव्हा गोगलगायी जास्त झाल्या, तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या किंवा दुकानदाराला परत करा. टाकीचं बदललेलं पाणीही ओढ्यात न ओतता कुंड्यांना घाला. त्यातलं नायट्रेट शेवाळाला आवडतं, तसं तुळशीलाही आवडेल.