तापलेले इंजिन ऑइल आणि ऑइल कूलर : गैरसमज व वस्तुस्थिती

इंजिन ऑइलला दोन कामे करावी लागतात. धातूच्या फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून ठेवणे हे पहिले आणि कूलंट पोहोचत नाही तिथली उष्णता उचलून आणणे हे दुसरे. क्रँकशाफ्टची बेअरिंगे आणि पिस्टनची खालची बाजू मुख्यतः ऑइलच थंड ठेवते. रोजच्या वापरात ही उष्णता इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरच्या पत्र्यातून आणि इंजिन ब्लॉकमधून बाहेर निघून जाते. ट्रॅकवर मात्र इंजिन सलग वरच्या आरपीएमवर फिरत राहते, आणि ऑइलमध्ये शिरणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते. 2009 साली आलेल्या निसान 370झेडमध्ये हे ठळकपणे दिसले. उन्हाळ्यात ट्रॅकवर काही फेऱ्या झाल्या की तिच्या 3.7 लिटर व्ही6 इंजिनातले ऑइल 138 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचे. मग इंजिनचा संगणक स्वतःच आरपीएमची मर्यादा खाली आणी आणि गाडी मलूल होई. मालकांनी बाजारातले ऑइल कूलर, म्हणजे हवेने ऑइल थंड करणारे छोटे रेडिएटर, बसवायला सुरुवात केली; पुढे निसाननेही काही आवृत्त्यांना कारखान्यातूनच कूलर दिला. अशा अनुभवांतून ऑइल कूलरची कीर्ती पसरली आणि तिच्याबरोबर बरेच गैरसमजही पसरले.

‘डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आहे, म्हणजे ऑइलही ठीक आहे’

तो काटा कूलंटचा असतो. शिवाय चालकाने उगाच घाबरू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर रोखून धरलेला असतो. कूलंट 80 अंशांवर असो की 100 वर, काटा हलत नाही. कूलंटच्या दिमतीला थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा असतो. साध्या गाडीत ऑइलसाठी यातले काहीच नसते. त्यामुळे कूलंट 95 अंशांवर स्थिर असताना ऑइल 130 च्या पुढे गेलेले असू शकते. सकाळी गाडी सुरू केल्यावर उलटे घडते. कूलंट काही मिनिटांत गरम होते, पण ऑइलला बराच जास्त वेळ लागतो. काटा वर आला म्हणून लगेच ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याचे ऑइल अजून घट्टच असते.

म्हणून कूलरच्या आधी ऑइल तापमानाचा मीटर बसवणे शहाणपणाचे ठरते. पैसे कमी लागतात आणि अनेकदा कूलरची गरजच नाही हे कळते. सेन्सर कुठे बसवला यालाही महत्त्व आहे. चेंबरमधला आकडा म्हणजे सगळीकडून परत आलेल्या ऑइलची सरासरी. पिस्टन रिंगच्या खाचेतले तापमान त्याच क्षणी 200 अंशांच्या वर असू शकते, आणि कूलरमधून परतणाऱ्या नळीत तेच ऑइल बरेच थंड दिसते.

‘100 अंश ओलांडले की ऑइल उकळते’

ही कल्पना पाण्यावरून आलेली आहे. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने त्याची वाफ पेट घेऊ शकेल असे तापमान, साधारणपणे 200 अंशांच्या वर असतो. उलट ऑइलने अधूनमधून 100 अंश गाठणे हिताचेच असते, कारण चेंबरमध्ये साचलेली ओल आणि सिलिंडरमधून झिरपलेले पेट्रोल त्या उष्णतेनेच उडून जाते. रस्त्यावर 90 ते 110 अंश ही निरोगी स्थिती आहे. ट्रॅकवर चांगले सिंथेटिक ऑइल 120 ते 130 अंश सहन करते. त्याच्या वर ते सतत राहू लागले तर मात्र उपाय शोधावा लागतो.

खरी भीती पातळ होण्याची असते. ऑइलचा घट्टपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात आणि एसएई मानकानुसार 30 ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा 100 अंशांना 9.3 ते 12.5 च्या दरम्यान असावा लागतो. 100 अंशांना 11 असलेले सर्वसाधारण 5डब्ल्यू-30 ऑइल 130 अंशांना जेमतेम 6 वर येते. म्हणजे डब्यावर 30 लिहिलेले असले तरी बेअरिंगला त्या घडीला 20 ग्रेडपेक्षाही पातळ ऑइल मिळत असते. थर पातळ झाला की धातूला धातू घासण्याची शक्यता वाढते. दुसरे नुकसान सावकाश होते. तापमान दर 10 अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे ट्रॅकवर नेलेल्या गाडीचे ऑइल पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी बदलावे लागते. सिंथेटिक ऑइल यातून सवलत देते, सुटका नाही.

‘जाड ऑइल टाका, प्रश्न मिटेल’

गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो अर्धा खरा आहे. 50 किंवा 60 ग्रेडचे ऑइल 130 अंशांनाही पुरेसा थर टिकवते. पण ते उष्णता बाहेर टाकत नाही. शिवाय जाड ऑइल ढवळताना आणि बेअरिंगच्या फटीतून जाताना घर्षण वाढते, म्हणजे तेच ऑइल थोडे अधिक तापते. बीएमडब्ल्यूने आपल्या काही एम इंजिनांसाठी 10डब्ल्यू-60 ठरवले, म्हणून तेच ऑइल शेजारच्या हॅचबॅकमध्ये ओतण्यात अर्थ नाही. बेअरिंगच्या फटी, पंप आणि ऑइलची ग्रेड यांचा हिशेब एकत्र मांडलेला असतो.

‘कूलर जितका मोठा तितका बरा’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. गरजेपेक्षा मोठा कूलर आणि सोबत थर्मोस्टॅट नाही, अशी जोडणी झाली की शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ऑइल 70 अंशांच्या पुढे जातच नाही. ओल आणि पेट्रोल आत साचते, गाळ धरतो, घर्षण वाढते. म्हणून कूलर थर्मोस्टॅट असलेल्या सँडविच प्लेटवर जोडतात. ही प्लेट ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसते. सुमारे 80 अंशांपर्यंत ती बहुतेक ऑइल परस्पर परत पाठवते आणि त्यानंतर कूलरचा मार्ग उघडते. मार्ग बंद असतानाही अनेक प्लेटांमधून थोडे ऑइल कूलरमध्ये जात राहते. तो बिघाड समजू नये. त्यामुळे नळ्यांतली हवा निघते आणि मार्ग उघडताच थंड ऑइलचा लोंढा इंजिनात येत नाही.

आकाराचा विचार हवामान धरून करावा लागतो. कूलर बाहेर टाकत असलेली उष्णता ऑइल आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. ऑइल 125 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर फरक 100 चा. नागपूरच्या मे महिन्यात हवा 45 वर गेली की तो 80 उरतो, आणि तोच कूलर जवळपास एक पंचमांश कमी काम करतो. थंड देशातल्या अनुभवावरून निवडलेला कूलर इथे तोकडा पडू शकतो तो यामुळे.

‘बंपरमागे जागा मिळेल तिथे बसवा’

हवेला आत येण्याइतकीच बाहेर जाण्याचीही वाट हवी असते. बंपरमागे नुसता टांगलेला कूलर फार थोडे काम करतो, कारण हवा सोपी वाट धरून त्याच्या बाजूने निघून जाते. चारी कडा बंद केलेला डक्ट आणि मागे चाकाच्या पोकळीकडे मोकळी वाट दिली, तर त्याच कूलरचे काम कितीतरी सुधारते. रेडिएटरपुढे बसवला तर ऑइलची उष्णता कूलंटच्या वाट्याला जाते.

पोर्शेने 911 मध्ये हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. ते इंजिन 1998 पर्यंत हवेने थंड होई, त्यामुळे उष्णतेचा मोठा भार ऑइलवरच असे. इंजिन मागे असूनही ताकदीच्या आवृत्त्यांत ऑइल लांब नळ्यांतून थेट पुढच्या उजव्या मडगार्डमधल्या कूलरपर्यंत नेलेले असे, आणि वाटेत थर्मोस्टॅट असे. बजाजच्या पल्सर 220 वर ऑइल कूलर दिसतो तोही याच कारणाने. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ऑइलचा हातभार लागतो.

स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या गाड्यांत फिल्टरजवळ कूलंटवर चालणारा छोटा ऑइल कूलर कारखान्यातूनच असतो. तो ऑइलला कूलंटपेक्षा थंड करू शकत नाही, हे खरे. पण थंड इंजिनात तोच ऑइलला लवकर गरमही करतो. बाहेरचा कूलर बसवताना हा काढून फेकण्याची पद्धत त्यामुळे घाईची वाटते.

‘कूलरने ताकद वाढते’

वाढत नाही. तापलेले इंजिन स्वतःला आवरते तेव्हा जाणारी ताकद जात नाही, एवढेच.

‘वळणावर प्रेशर पडते, म्हणजे ऑइल तापले’

सरळ रस्त्यावर ऑइलचे प्रेशर हळूहळू उतरत असेल तर तापमानाकडे बोट दाखवता येते. पण लांब वळणात प्रेशरचा काटा क्षणात कोसळत असेल तर ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकून पंपाच्या तोंडात हवा जात आहे. त्यावर चेंबरमध्ये आडपत्रे किंवा ड्राय संप, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना, हाच इलाज. कूलर इथे निरुपयोगी आहे.

गरज पाहून कूलर बसवला तरी इंजिनात गळतीच्या नव्या जागा तयार होतात, हे बहुतेक जाहिराती सांगत नाहीत. कूलरची नळी कुठे घासत असेल आणि फुटली, तर पंप काही सेकंदांत चेंबर रिकामे करतो. जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून राहिले आणि त्यावरच प्लेट आवळली, तरी तीच गत. कूलर आणि नळ्यांत अर्धा ते एक लिटर जादा ऑइल मावते, म्हणून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, मग काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी लागते. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर मात्र पुन्हा वापरू नये. त्याच्या अरुंद पट्ट्यांत अडकलेला धातूचा चुरा कितीही धुतला तरी पुरता निघत नाही, आणि तो नव्या इंजिनात जातो.