रिव्हॉल्व्हरची प्रत्यागती

रिव्हॉल्व्हर झाडले असता ते हातात मागे ढकलले जाते व त्याचे तोंड वर उसळते. या गतीस प्रत्यागती म्हणतात. हाताला होणारी तिची जाणीव म्हणजे व्यवहारातील ‘धक्का’. धक्का काडतूस, शस्त्राचे वजन व मुठीची घडण यांवर अवलंबून असतो. सांगाड्याच्या द्रव्याचा त्याच्याशी येणारा संबंध बहुतांशी वजनाच्या द्वारेच येतो.

गोळी व तिच्यामागून सुटणारे वायू यांच्या एकूण संवेगाएवढाच संवेग शस्त्रास उलट दिशेने मिळतो (न्यूटनचा तिसरा नियम). तो काडतुसाने ठरतो. शस्त्र हलके केल्याने कमी होत नाही. उलट, वजन जितक्या पट घटते तितक्या पट शस्त्राचा मागे येण्याचा वेग व त्याची गतिज ऊर्जा वाढते. स्वयंभरण पिस्तुलात सरकता भाग व त्याची कमान यांमुळे धक्का काहीसा लांबतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तो थेट तळहातावर येतो.

भारतात याचे बोलके उदाहरण म्हणजे कानपूर येथील सरकारी शस्त्रकारखान्याने २०१४ मध्ये बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांना स्वसंरक्षणार्थ सोयीचे म्हणून त्याचा पुरस्कार झाला. टिटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सु. ५०० ग्रॅ. आहे, त्याच ०·३२ इंची मापाचे जुने पोलादी रिव्हॉल्व्हर सु. ७०० ग्रॅ. भरते. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तयार होत आलेल्या या मापाच्या काडतुसातील गोळी सु. ६·४ ग्रॅ. वजनाची असते. तिचा वेग सेकंदाला सु. २१५ मी. धरल्यास वायूंसह एकूण संवेग सु. १·५ किग्रॅ.मी./से. येतो. त्यामुळे पोलादी शस्त्र सु. २·१ मी./से., तर हलके ३ मी./से. वेगाने मागे येते. ऊर्जा अनुक्रमे १·६ व २·२५ जूल, म्हणजे सु. ४० टक्के अधिक. पर्समध्ये बाळगण्यास सोयीचे ते झाडण्यासही सोयीचे, हा समज म्हणूनच बरोबर नाही. मात्र हे काडतूस मुळातच सौम्य असल्याने वाढलेला धक्काही सोसण्याजोगा राहतो.

पोलादाची सापेक्ष घनता सु. ७·८, टिटॅनियमची ४·५ व ॲल्युमिनियमची २·७ आहे. कोल्ट कंपनीने १९५० मध्ये ‘कोब्रा’ हे ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याच दशकात अमेरिकी हवाई दलासाठी काडतुसांचा फिरता कोशही ॲल्युमिनियमचा करून पाहण्यात आला. पण तो दाबाखाली तडकू लागल्याने ती शस्त्रे मागे घ्यावी लागली. दाब मुख्यतः कोश व नळी सोसतात, म्हणून हलक्या सांगाड्यातही हे भाग सामान्यतः पोलादाचे वा टिटॅनियमचे असतात. बहुवारिकाचा मूठभाग किंचित लवून धक्क्याची तीव्रता थोडी बोथट करतो. धातूंच्या लवचिकतेतील फरक हाताला जाणवण्याइतका नसतो.

हलका सांगाडा व जोरदार काडतूस यांची जोडी मात्र त्रासदायक ठरते. ०·३५७ मॅग्नमसारख्या काडतुसाने शस्त्र इतक्या झटक्याने मागे येते की, कोशातील उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात, आपापल्या पुंगळ्यांतून पुढे सरकतात आणि कोश फिरणे थांबते. स्वसंरक्षणाच्या शस्त्रात याहून वाईट दोष क्वचितच असेल. शिवाय वेदनेच्या भीतीने सराव टळतो व चाप ओढण्यापूर्वीच हात दचकू लागतो.

वजन किती, याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. नळीचा अक्ष मुठीच्या वर असल्याने परिबल निर्माण होऊन तोंड उसळते. लांब व जड नळी ही उसळी आवरते. रुंद रबरी मूठ तोच संवेग तळहाताच्या अधिक क्षेत्रावर पसरविते, तर अरुंद लाकडी मूठ अंगठ्याच्या बेचक्यात रुतते. ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धानंतर ०·४५५ इंची, सु. १·१ किग्रॅ. वजनाचे वेब्ली सोडून ०·३८ इंची रिव्हॉल्व्हर स्वीकारले, त्यामागे नवशिक्यांना धक्का आवरता यावा हे एक कारण होते. शस्त्र हलके करताना त्यांनी काडतूसही सौम्य केले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नेमबाजीत वजनाचा लाभ इतका उघड आहे की, नियमांनी त्यास मर्यादा घातली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यात शस्त्राचे वजन १,४०० ग्रॅ. पेक्षा जास्त चालत नाही.