पटकीचा जंतू निःशस्त्र करताना

पटकीचा जंतू आतड्याला चिकटून विष स्रवतो. शरीरातील पाणी ओसरते ते या विषामुळे. जंतू गाळून काढलेला द्रवही सशाच्या आतड्यात तोच परिणाम घडवितो, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले. मग जंतू न मारता विषच का रोखू नये? हार्वर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले विर्स्टॅटिन हेच साधते. विष आणि चिकटण्याचे तंतू निर्माण करण्याची आज्ञा देणारे ‘टॉक्सटी’ प्रथिन ते निष्प्रभ करते. उंदरांच्या पिलांत याचा प्रत्यय आला. जंतू मरत नसल्याने प्रतिकारक वाणांची निवड मंदावेल, अशी आशा आहे. ती निरपवाद मात्र नव्हे, कारण विर्स्टॅटिनला दाद न देणारे टॉक्सटीही प्रयोगशाळेत आढळले. हे द्रव्य रुग्णोपचारात अद्याप आलेले नाही. रोग्याची मुख्य भिस्त मीठ-साखरेच्या पाण्यावरच आहे.